इंटरेस्ट म्हणजे नेमकं काय?

आज एका शब्दाबद्दल बोलू. शब्द इंग्रजी, पण आपल्या ओसरीपर्यंत आलेला: इंटरेस्ट.

'पोरीला शिवणकामात इंटरेस्ट आहे,' म्हणतो तेव्हा अर्थ होतो आवड. 'यात त्याचा काहीतरी इंटरेस्ट दिसतो,' म्हटलं की अर्थ होतो स्वार्थ. आणि बँकेतले साहेब 'इंटरेस्ट भरा' म्हणतात, तेव्हा ते व्याज असतं.

एका शब्दाचे इतके अर्थ कसे? मूळ शब्द लॅटिन भाषेतला. 'इंटर' म्हणजे मध्ये, 'एसे' म्हणजे असणं. ज्यात आपलं काही गुंतलंय, ते. मन गुंतलं तर आवड, फायदा गुंतला तर स्वार्थ. जुन्या काळी युरोपात चर्चनं व्याज घेणं पाप ठरवलं होतं. पण कर्ज वेळेवर फिटलं नाही, तर झालेल्या नुकसानीची भरपाई घेता येई. त्या भरपाईला हा शब्द वापरत, पुढं तो व्याजालाच चिकटला.

आपला 'व्याज' शब्दही बघा. संस्कृतात त्याचा अर्थ निमित्त, कपट. म्हणून तर 'निर्व्याज प्रेम' म्हणजे कपट नसलेलं प्रेम.

नांदेड-लातूरच्या गटांच्या बैठकीत आम्ही हे आवर्जून सांगतो, कारण हिशेब विचारला नाही की कपटाला जागा मिळते. सावकाराचे 'तीन टक्के' बँकेच्या 'बारा टक्क्यां'पेक्षा कमी वाटतात. पण सावकाराचे तीन महिन्याचे, म्हणजे वर्षाचे ३६. बँकेचे बारा अख्ख्या वर्षाचे.

दुसरा हिशेब. कर्ज १०,००० रुपये, दर वर्षाला १२ टक्के, हप्ते १२. व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर लावलं, ज्याला फ्लॅट दर म्हणतात, तर १,२०० रुपये होतं. दरमहा उरलेल्या मुद्दलावर लावलं, तर सुमारे ६५०. टक्के तेच, पैसे जवळजवळ दुप्पट.

म्हणून सही-अंगठ्याआधी तीन गोष्टी विचारा. टक्के महिन्याचे की वर्षाचे? व्याज पूर्ण रकमेवर की उरलेल्या मुद्दलावर? आणि हे व्याज जाणार कुणाच्या घरी?

आपल्या गटात शेकडा दोन रुपये घेतले, तर तेही वर्षाचे २४ टक्के होतात. ते गटाच्याच खात्यात राहतात खरे, पण अडलेल्या बाईला ते भरावेच लागतात. दर जड जात असेल, तर तो कमी करायचा ठराव आपल्याच हातात आहे. पुढच्या बैठकीत वही उघडा आणि हा हिशेब सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा.