लघुगणक पुन्हा भेटले तेव्हा



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. तरी आज पाच मिनिटं लिव्हर सिरॉसिसबद्दल बोलणार आहे. आपण आता त्या वयाचे झालोत आणि बऱ्याच जणांच्या घरी आईवडील आहेत.

माझ्या बाबांनी दारूला कधी हात लावला नाही. मधुमेह, त्यात फॅटी लिव्हर आणि पुढे सिरॉसिस. लिव्हरचं नाव काढलं की लोक वेगळाच अर्थ घेतात, म्हणून आम्ही कोणाला सांगितलंही नाही.

जलोदर वाढला आणि त्यांना ॲडमिट करावं लागलं. मी रोज त्यांचे डोळे बघायची. पिवळेपणा कमी दिसला की मला हायसं वाटायचं. डॉक्टर मात्र रोज क्रिएटिनिन बघत. आजार लिव्हरचा, मग किडनीची एवढी काळजी का?

एका रात्री मी मेल्ड स्कोअरचं सूत्र शोधलं. पुढच्या तीन महिन्यांत रुग्ण दगावण्याचा धोका किती, हे तो आकडा सांगतो. अमेरिकेत २००२ पासून यकृत आधी कोणाला द्यायचं, हे त्यावरून ठरू लागलं. मूळ सूत्रात तीन तपासण्या आहेत: बिलिरुबिन, रक्त गोठण्याची आयएनआर आणि क्रिएटिनिन. तिन्हींचे लघुगणक घ्यायचे! बाई, तुमचा फळाच डोळ्यांपुढे आला. मी आकडे घालून पाहिले. बिलिरुबिन २ चं ४ झालं, तर स्कोअर सुमारे अडीचने वाढतो. क्रिएटिनिन १ चं २ झालं, तर साडेसहाने. मी भलतीकडेच लक्ष ठेवून होते.

बाबा गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन घेत. गोळ्या मीच मेडिकलमधून आणून द्यायची. सिरॉसिसमध्ये अशा गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "दुसरं काही औषध चालू आहे?" मी म्हणाले, "नाही, काही विशेष नाही."

बाबा घरी आले नाहीत. त्या गोळ्यांमुळेच असं झालं, असं कोणी म्हटलं नाही. पण ते उत्तर माझ्या मनातून जात नाही.

म्हणून सांगते. घरी असा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक देऊ नका. चालू असलेली प्रत्येक गोळी त्यांना सांगा, अगदी किरकोळ वाटली तरी. ताप, पोटदुखी, रक्ताची उलटी, काळी शौच, लघवी कमी होणं, असंबद्ध बोलणं किंवा दिवसा सारखी झोप, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. पोटातल्या पाण्यातही जंतुसंसर्ग होतो आणि तो जिवावर बेततो. मधुमेह असलेल्यांनी लिव्हरची तपासणी करून घ्या. हिपॅटायटिस बी आणि सी यांचीही एकदा तपासणी करा. बी ची लस आहे. आणि आजार लपवू नका.

बाई, "याचा पुढे उपयोग काय?" असं मी तुम्हाला वर्गात विचारलं होतं. उपयोग झाला, फक्त मला उशिरा कळला. तुम्हाला वेळेत कळावा, एवढंच.