कामाच्या जागेवरील सूचनाफलक : मालकाचे कर्तव्य आणि नोकराचा आधार

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



संघाच्या चिटणीसांनी या संमेलनात बोलण्याची आम्हांस आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. शिक्षणाचा प्रसार, विवाहातील खर्च, ज्ञातीचा इतिहास हे विषय या व्यासपीठावरून अधिकारी वक्त्यांनी वारंवार हाताळलेले आहेत. आम्ही आज त्याहून पुष्कळ लहान वाटणारा विषय घेतला आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानात, छापखान्यात, वर्कशॉपात किंवा कचेरीत दारालगतच्या भिंतीवर एक कागद लावलेला असतो. कामाचे तास, पगाराचा दिवस, वेतनाचे दर आणि निरीक्षकाचा पत्ता त्यावर लिहिलेला असतो. निदान असावा, अशी कायद्याची आज्ञा आहे. त्या कागदाविषयी आम्हांस चार शब्द सांगावयाचे आहेत.

हा विषय ज्ञातीच्या संमेलनात कशासाठी, अशी शंका काहींच्या मनात येईल. तिचे उत्तर असे की, आपल्या संघाच्या सभासद कुटुंबांत मालकही आहेत आणि नोकरही आहेत. एका घरचा कर्ता पुरुष कारखाना चालवितो, दुसऱ्या घरचा मुलगा त्याच्याकडे कामास लागतो. गावाकडून आलेला होतकरू तरुण प्रथम ज्ञातिबंधूच्याच दुकानात उभा राहतो, हा आपला जुना आणि चांगला रिवाज आहे. परंतु याच रिवाजात एक अडचण लपलेली आहे. जो तरुण मालकाला ‘काका’ म्हणतो, त्याला ‘काका, माझा पगार किती आणि कोणत्या तारखेला?’ हे विचारणे जड जाते. मालकालाही, आपण होऊन बोलावे तर परकेपणा दिसेल, असे वाटते. भीड भिकेची बहीण, असे आपले वाडवडील सांगत आले, ते अशा ठिकाणी तंतोतंत खरे ठरते. वर्षामागून वर्षे जातात, हिशेब मनात राहतो, आणि एखाद्या दिवशी मन फाटते तेव्हा दोन माणसांबरोबर दोन घरेही तुटतात. भिंतीवरचा कागद ही भीड दूर करतो. कोणाचा मान न दुखविता जे बोलावयास हवे, ते तो दोघांनाही सांगतो.

ज्या हक्कांचा उच्चार तो कागद करतो, ते सहजासहजी मिळालेले नाहीत. हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ साली झाला. मुंबईच्या गिरणी कामगारांची गाऱ्हाणी वेशीवर टांगणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढे अनेक वर्षे खटपट केली, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. दुकानातील गुमास्ता तर फार काळ कायद्याच्या कक्षेबाहेरच होता. त्याच्यासाठी मुंबई प्रांतात १९३९ साली कायदा झाला, १९४८ साली त्याच्या जागी नवा आला, आणि महाराष्ट्रात आज २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. आपल्या बोलण्यात मात्र तो अद्याप ‘गुमास्ता कायदा’च राहिला आहे. हे कायदे करणारांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. कायदा ग्रंथात छापून भागत नाही. ज्याच्यासाठी तो केला, त्याच्या डोळ्यांसमोर तो असावा लागतो. म्हणूनच १९४८ च्या कारखाने अधिनियमाने असा दंडक घातला होता की, कायद्याचा गोषवारा बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत, मुख्य प्रवेशद्वाराजवळ, स्वच्छ आणि वाचता येईल अशा स्थितीत लावलेला असावा. ‘स्वच्छ आणि वाचता येईल असा’ या अटीत सारे मर्म आले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. तो अधिनियम आणि त्याच्यासह एकूण २९ केंद्रीय कामगार कायदे एकत्र करून चार संहिता करण्यात आल्या, आणि त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. वेतन संहिता २०१९ सालची; औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता, आणि व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता या तिन्ही २०२० सालच्या. याचा अर्थ उघड आहे. १९३६ चा वेतन प्रदान कायदा, १९४८ चा किमान वेतन कायदा, १९६१ चा प्रसूती लाभ कायदा, १९७२ चा उपदान म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा, यांचे जे छापील तक्ते बाजारातून आणून आपण चौकटीत बसविले, ते सारे त्या दिवशी शिळे झाले. भिंतीवर ते अजूनही आहेत. पण ज्या कायद्याचे नाव ते सांगतात, तो कायदा आता उरलेला नाही.

कोणी म्हणेल, नाव बदलले, मजकूर तोच असेल. एवढी घाई कशाला? आम्ही दोन उदाहरणे देतो. जुन्या वेतन प्रदान कायद्याचा लाभ अखेरच्या काळात दरमहा २४,००० रुपयांपर्यंत वेतन असणारांनाच होता. आणि मालकाने कामावरून काढले तर दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत हिशेब चुकता करण्याचा नियम होता, परंतु आपण होऊन राजीनामा देणाऱ्याला ती सवलत नव्हती. नव्या वेतन संहितेत वेतनाची ती मर्यादा राहिली नाही, आणि राजीनामा देणाऱ्याचेही वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावयाचे आहे. दुसरे उदाहरण उपदानाचे. जुना तक्ता पाच वर्षांच्या अखंड सेवेची अट सांगतो. नव्या संहितेत, ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या कामगाराची मुदत संपली, तर त्याला ही पाच वर्षांची अट लागू नाही. आता असा कामगार दोन वर्षांनी काम सोडताना भिंतीवरचा जुना तक्ता वाचील आणि ‘आपले काही निघत नाही’ असे समजून मुकाट्याने घरी जाईल. कागद नसता तर त्याने निदान कोणास विचारले असते. कोरी भिंत काही सांगत नाही, पण शिळा कागद खोटे सांगतो. म्हणून तो अधिक घातक होय.

तथापि घाबरून सारेच फाडून टाकावे, असेही नव्हे. जुन्या कायद्यांखालील नियम आणि अधिसूचना, नव्या संहितांशी विसंगत नसतील तेवढ्यापुरत्या, चालू राहतात, अशी तरतूद संहितांतच आहे. शिवाय काही कायदे या चार संहितांत विलीन झालेलेच नाहीत. दुकाने व आस्थापनांचा राज्याचा कायदा, १९८६ चा बालकामगारांविषयीचा कायदा आणि कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा पूर्ववत लागू आहेत. तेव्हा जुन्या-नव्याची निवड डोळसपणे करावी लागते.

मग फलकावर काय असावे? पहिली गोष्ट वेतनाची. वेतन संहितेप्रमाणे फलकावर संहितेचा गोषवारा, कामगारांच्या वर्गवारीप्रमाणे वेतनाचे दर, वेतनाचा कालावधी, वेतन देण्याचा दिवस व वेळ, आणि आपल्या विभागातील निरीक्षकाचे नाव व पत्ता असला पाहिजे. या निरीक्षकास नव्या संहितेत ‘इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर’ असे नाव दिले आहे. तपासणीबरोबरच सल्ला देणे हेही त्याचे काम ठरविले आहे. मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत झाला पाहिजे, ही गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी.

दुसरी गोष्ट स्त्रियांविषयीची. जेथे स्त्रिया काम करतात, तेथे प्रसूती लाभाच्या तरतुदींचा गोषवारा स्थानिक भाषेत लावावयाचा असतो. पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, हे आपल्या लेकीसुनांपैकी कितीजणींस ठाऊक आहे, याचा विचार व्हावा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे, दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे अंतर्गत समिती नेमावी लागते, आणि छळाचे दंडनीय परिणाम व समितीच्या नेमणुकीचा आदेश ठळक जागी लावावा लागतो. समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दहांहून कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तिचा पत्ताही फलकावर द्यावा. तो पत्ता पाहून कोणाची अब्रू जात नाही. उलट आपल्या दुकानात मुलगी निर्धास्तपणे काम करू शकते, अशी ग्वाही तिच्या आईबापांना मिळते.

तिसरी गोष्ट मुलांविषयीची, आणि येथे आम्हांस स्पष्ट बोलणे भाग आहे. २०१६ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात कामास ठेवता येत नाही. शाळेची वेळ सोडून किंवा सुटीत आपल्या कुटुंबाच्या धोका नसलेल्या व्यवसायास मुलाने हातभार लावावा, एवढी सवलत आहे. परंतु कुटुंब म्हणजे आईवडील, भावंडे, काका, आत्या, मामा आणि मावशी, असे कायद्याने नेमके सांगितले आहे. ज्ञातिबंधूचा मुलगा त्यात येत नाही. ‘आपलाच मुलगा आहे, हाताखाली शिकेल’ या मायेच्या शब्दाला कायद्यात आधार नाही. त्या मुलाने शाळेतच शिकावे, आणि आपल्या संघाने त्याच्या पुस्तकांची सोय करावी, हेच योग्य. बालकामगार कायद्याचा गोषवारा भिंतीवर असला, तर येणाऱ्या-जाणाऱ्यास आणि मालकास दोघांसही त्याची आठवण राहते.

फलक एकदा लावला म्हणजे काम संपले, ही समजूत सर्वांत मोठी चूक होय. घरातील पंचांग दर वर्षी बदलतो, कारण जुन्या पंचांगावर कोणी मुहूर्त पाहत नाही. फलकाचेही तसेच आहे. महाराष्ट्रात किमान वेतनावरील विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे जानेवारी आणि जुलै अशा सहामाहीने बदलत आला आहे. तेव्हा वर्षातून दोन वेळा दराचा कागद तपासलाच पाहिजे. अंतर्गत समितीच्या सभासदांची मुदत तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही. मुदत संपलेल्या समितीची नावे फलकावर तशीच राहिली, तर अडचणीतली भगिनी कोणाच्या दारी जाईल? निरीक्षक बदलतो, पत्ता बदलतो, पगाराची तारीख बदलते. यास्तव आमची सूचना अशी की, प्रत्येक मालकाने फलकाचे काम एका माणसाकडे नावानिशी सोपवावे, कागदाच्या कोपऱ्यात ‘तपासले’ असे लिहून तारीख घालावी, आणि काढलेला जुना कागद फेकून न देता दप्तरी ठेवावा.

जागा आणि भाषा यांचाही विचार व्हावा. मालकाच्या खोलीत, कपाटामागे किंवा दिनदर्शिकेखाली झाकलेला फलक हा लावून न लावल्यासारखाच. आपल्याकडे आज कानडी, तेलुगू, हिंदी बोलणारे कामगारही आहेत. दुकानाची पाटी मराठीत हवी हे आपण अभिमानाने सांगतो, ते योग्यच आहे. पण हक्काचा कागद वाचणाऱ्याच्या भाषेतही हवा. ज्यास वाचता येत नाही त्यास तो वाचून दाखवावा. त्यास फार तर पाव तास लागेल.

दंडाविषयी थोडक्यात सांगतो. वेतन संहितेत, कित्येक चुकांसाठी खटला भरण्यापूर्वी चूक दुरुस्त करण्याची लेखी संधी मालकास मिळते. मात्र तीच चूक पाच वर्षांत पुन्हा झाली, तर ती संधी नाही. परंतु दंडाच्या भयाने जो फलक लागतो, तो निरीक्षक गेला की पुन्हा मळतो. आपल्या शब्दास जागणे ही व्यापारी माणसाची पत आहे. फलक हा त्याचा भिंतीवर लिहिलेला शब्दच होय.

नोकरी करणाऱ्या बंधुभगिनींना आमचे सांगणे एवढेच की, तुम्ही तो कागद वाचा. त्यावरची तारीख पाहा. पगाराची चिठ्ठी आणि नियुक्तिपत्र मागून घ्या. नव्या संहितांनी ती देण्याचे बंधन मालकावर घातले आहे. मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. ‘काका, हा कागद जुना झाला आहे, नवा मी लावू का?’ असे नम्रपणे विचारणारा तरुण मालकाचा खरा हितचिंतक समजावा.

शेवटी संघास एक विनंती आहे. आपल्या कार्यालयाच्या दर्शनी भागी एक नमुना फलक लावावा. आपल्यातील वकील आणि हिशेबतपासनीस मंडळींनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तो तपासून द्यावा, आणि त्याच्या प्रती सभासदांस मिळाव्यात. संघाच्या कार्यालयातही शिपाई आहे, झाडणारी बाई आहे. त्यांच्यापासूनच आरंभ व्हावा. ज्या दिवशी आपल्या मंडळींच्या प्रत्येक दुकानातील फलक ताजा असेल, त्या दिवशी आपल्या मुलाला नोकरीसाठी कोणाकडे पाठवावे, हा प्रश्न आईबापांना पडणार नाही.