झेवियर म्हणजे नवघरकर



नवा माणूस भेटला की आपण आधी त्याचे आडनाव विचारतो. आडनाव कळले की गाव, जात, धर्म सारे कळल्यासारखे वाटते, आणि मग त्या बेतानेच आपण बोलतो. आज मी एका अशा नावाची हकिकत सांगणार आहे, की जे मुळात गावाचे नाव होते, मग आडनाव झाले आणि शेवटी पाळण्यात येऊन बसले.

ते नाव झेवियर. कामण-चिंचोटीच्या वाटेने वसईकडे गेले की ते कानी पडते. ऐकणारा चटकन म्हणतो, ''नाव परदेशी दिसते.'' परदेशी खरेच. पण त्याचा अर्थ काय?

स्पेनच्या उत्तरेस नवार प्रांतात झेवियर नावाची एक गढी आहे. बास्क भाषेत 'एचे' म्हणजे घर आणि 'बेरी' म्हणजे नवे. या दोन शब्दांतून ते नाव घडले. १५०६ साली त्या गढीत फ्रान्सिसचा जन्म झाला. १५४२ साली तो गोव्यास आला, १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर वारला, आणि १६२२ साली त्याला संतपद मिळाले. त्याचा देह जुन्या गोव्यात बोम जेझूसच्या देवळात आहे. भाविकांनी मुलांना फ्रान्सिस हे नाव ठेवलेच. पण गढीवरून आलेले झेवियर हेही ठेवले.

असे इतरत्रही घडते. आयर्लंडात 'ओ' म्हणजे नातू, वंशज. 'ओ रियन' या कुळनावातला 'ओ' गळून रायन हे आडनाव उरले. गेल्या शतकात तेच मुलाचे नाव झाले, आणि आता मुंबई-वसईतही ऐकू येते. उलट, 'क्रिस्तपुराण' लिहिणाऱ्या इंग्रज फादर स्टीफन्सचे आडनाव पाहा. स्टीफनचा तो स्टीफन्स! तिथे नावाचे आडनाव झाले. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या या माणसाने मराठीची थोरवी गायिली.

आता पुन्हा नव्या घराकडे वळू. वसई रोड स्टेशनाला लागूनच नवघर आहे. नवघर म्हणजे नवे घर. तिथल्या माणसाला आपण सहज नवघरकर म्हणू. मग झेवियर म्हणजे तरी दुसरे काय? तोही नवघरकरच! पण नवघरकर म्हटले की आपण ''कोणाचे हो तुम्ही?'' असे आपुलकीने विचारतो, आणि झेवियर म्हटले की ''मूळचे कुठले?'' असे विचारतो.

मंडळी, हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. आपल्या भिवंडीने १९७० आणि १९८४ साली दंगली पाहिल्या आहेत. अशा दिवसांत माणसाचे नाव हीच त्याची परीक्षा ठरते. या गावात मागावर बसणारा कारागीर कोठून कोठून आला आहे, आणि प्रत्येकाच्या नावामागे कोणाचे तरी घर, कोणाचा तरी आजा उभा आहे. तेव्हा नाव जरूर विचारावे. पण तिथेच न थांबता त्याचा अर्थही विचारावा. पुष्कळदा तो आपल्याच शेजारच्या गावाचा निघतो.