माघांतला वैशाख

पंचांगांत शिशिर आणि अंगणांत ग्रीष्म, असा विपरीत योग २०२३ च्या फेब्रुवारींत आला. हिंदुस्थानांतील दिवसाचें सरासरी कमाल उष्णमान त्या महिन्यांत २९.५४ अंश सेल्सियस भरलें. १९०१ पासूनच्या नोंदींत तोंवर कोणताहि फेब्रुवारी इतका तापला नव्हता.

माणसानें गरम कपडे घडी करून ठेवले कीं त्याचें भागतें. रोपांना ती सोय नाहीं. थंडीच्या भरंवशावर पेरलेली कोथिंबीर अशा उन्हांत पाला धरण्याऐवजीं फुलावर येते, आणि गृहिणीला वाटणासाठीं पानें हवीं असतां वाफ्यांत धने तयार होऊं लागतात. वाटाण्याचीं फुलें गळतात; फुलकोबीचा गड्डा घट्ट न होतां विसविशीत होतो. आंब्याखालीं बारीक कैऱ्यांचा सडा पडतो, तो पाहून घरांतील वडील माणसें हळहळतात.

अशा वेळीं हौशी माणूस भर दुपारींच झारी उचलतो. पाणी द्यावें तें सकाळीं. बुंध्याशीं वाळक्या पानांचें आच्छादन पसरावें आणि कुंड्या भिंतीपासून दूर सरकवाव्या, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्रींहि ऊब सोडीत राहते.

मात्र उन्हाळा स्थिरावला असें समजून काकडी-दोडक्याचीं कोवळीं रोपें उघड्यावर नेण्याची घाई नसावी. त्याच वर्षीं मार्चच्या मध्यास महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं गारांचा पाऊस झाला. शेतांतला गहू आडवा झाला, द्राक्षांचे घड फुटले. कुंड्यांतलीं रोपें तेवढा पंधरवडा व्हरांड्यांतच बरीं.