आकडा कुणी मोजला?

 

आज आम्ही बोलणार आहोत युद्धाच्या काळात उठणाऱ्या अफवांबद्दल. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना युद्धाचं काय पडलंय? पण आमची बैठक याच गोष्टीवरून मोडायची वेळ आली होती, म्हणून हा विषय घेतला.

२०२५ चा मे महिना आठवा. सीमेवर लढाई सुरू झाली होती आणि आपल्या हातातले मोबाईल तापले होते. ९ मे, शुक्रवार. आमच्या गटाची बैठक होती. बैठकीत हप्ते जमा व्हायचे, ते बाजूलाच राहिलं. अकरा जणी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमची बचत आत्ताच्या आत्ता परत द्या. का? तर दोन-तीन दिवस एटीएम बंद होणार असा निरोप फिरत होता. कुणी म्हणे शत्रूची इतकी विमानं आली, कुणी म्हणे त्याच्या दुप्पट. आदल्या रात्री टीव्हीवर शत्रूचं बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगत होते, सकाळी ते खरं निघालं नाही. म्हणजे रात्री शत्रू संपलेला आणि सकाळी तोच दारात उभा. एटीएमची बातमी खोटी आहे असं सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने त्याच दिवशी सांगितलं, पण ते आमच्यापर्यंत पोचायच्या आधी आमच्या एका बहिणीने दोन शेळ्या निम्म्या किमतीत विकून टाकल्या होत्या. आणि जिचा मुलगा फौजेत आहे, ती मावशी कोपऱ्यात गप्प बसली होती. तिला कुणीतरी फोनवर काहीतरी ऐकवलं होतं. दोन दिवस ती जेवली नव्हती.

त्या दिवशी आमच्याकडे कुणालाच द्यायला उत्तर नव्हतं. नंतर आम्ही ठरवलं की हे पूर्वी कधी असं झालं होतं का, ते शोधून वाचायचं. झालं होतं. आपल्याच देशात, १९४२ साली.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. ८ डिसेंबर १९४१ ला जपानचं सैन्य मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात उतरलं. त्याआधी तिथल्या इंग्रज साहेबांमध्ये काय बोललं जायचं? की जपान्यांना रात्री नीट दिसत नाही, त्यांची विमानं तकलादू असतात, ते आपल्यापुढे टिकणार नाहीत. हीसुद्धा अफवाच होती. अफवा म्हटलं की आपल्याला भीतीची अफवा आठवते. पण शत्रू अगदी किरकोळ आहे, ही मनाला बरं वाटणारी अफवाही तितकीच महागात पडते.

मग ते किरकोळ समजलेले जपानी दोनेक महिन्यांत सगळा मुलूख ओलांडून सिंगापूरला पोचले. कशावर बसून? पुष्कळसे सैनिक चक्क सायकलींवर. त्यांच्याच एका अधिकाऱ्याने पुढे लिहून ठेवलंय की उन्हाने टायर फुटले तेव्हा सैनिक नुसत्या लोखंडी चाकांवर सायकली दामटत राहिले, आणि रात्रीच्या अंधारात तो खडखडाट ऐकून समोरच्यांना वाटलं की रणगाडे येताहेत. बघा बायांनो, आली सायकल आणि कानाला ऐकू आला रणगाडा!

सिंगापूरला काय झालं ते तर नीट ऐका. जपानी सेनापती यामाशिता याच्याजवळ तीसेक हजार सैनिक होते. समोर इंग्रजांच्या बाजूला पाऊण लाखाहून जास्त, आणि त्यात आपले हिंदी जवान हजारोंनी. यामाशिताचा तोफगोळा संपत आला होता. लढाई लांबली तर आपण हरू हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने उलटं केलं. गोळ्यांचा मारा चालूच ठेवला, म्हणजे समोरच्याला वाटावं की याच्याकडे अजून भरपूर आहे. इंग्रज सेनापती पर्सिव्हल याची समजूत होती की जपानी आपल्यापेक्षा जास्त आहेत. शहरातलं पाणी तुटत चाललं होतं, माणसं थकली होती, हेही खरं. पण शत्रूच्या ताकदीचा हिशेब चुकला तो चुकलाच. १५ फेब्रुवारी १९४२ ला त्याने शरणागती दिली. सुमारे चाळीस हजार हिंदी सैनिक कैदी झाले. त्यांच्या घरी वाट बघणाऱ्या आया आणि बायका होत्या. आपला माणूस जिवंत आहे की नाही, याची खरी बातमी त्यांतल्या कितीतरी जणींना महिनोन्‌महिने मिळाली नाही.

आता बातमीची लाट भारतात आली. मार्चमध्ये रंगून पडलं. ब्रह्मदेशातून आपले लाखो लोक डोंगर-जंगलांतून पायी निघाले. वाटेत कितीतरी मेले. जे पोचले त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. ते खरं होतं. पण सरकार सांगत होतं की सगळं ठीक आहे, काळजी नको. लोकांनी एका बाजूला सरकारचं बोलणं ऐकलं आणि दुसऱ्या बाजूला फाटक्या कपड्यांत परतलेली माणसं बघितली. मग त्यांचा सरकारच्या कुठल्याच शब्दावर विश्वास राहिला नाही. कालपर्यंत ज्या जपान्यांना हसत होते, तेच आता वाऱ्यासारखे कुठेही पोचतात, त्यांना कुणी अडवू शकत नाही, असं बोललं जाऊ लागलं.

एप्रिल १९४२ मध्ये जपानच्या आरमाराने कोलंबोवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, आपल्या विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. बंगालच्या उपसागरात वीसएक व्यापारी जहाजं बुडाली. एवढं खरं. मग मद्रासमध्ये बातमी आली की जपानी फौजेने भरलेली जहाजं किनाऱ्याकडे निघाली आहेत. ही बातमी बाजारात उठली नव्हती बरं का, ती वरच्या साहेबांकडूनच आली. सरकारने सांगितलं, ज्यांचं काम नाही त्यांनी शहर सोडा. सरकारी कचेऱ्यासुद्धा आतल्या गावांना हलल्या. लाखो माणसं गाठोडी घेऊन स्टेशनकडे धावली. बॉम्ब पडून पिंजरे फुटले तर काय, म्हणून प्राणिसंग्रहालयातल्या वाघ-सिंहांना गोळ्या घातल्या.

आणि फौज? ती आलीच नाही. ते आरमार हल्ले करून परत गेलं. त्याच्याबरोबर भारतात उतरवायची फौज नव्हतीच.

आता आपल्या विषयावर येतो. या सगळ्या काळात घराघरांत काय चाललं होतं? लोक पोस्टातली बचत काढून घेत होते. नोटेवर भरवसा नव्हता, कारण राज्यच गेलं तर कागदाचं काय करायचं? म्हणून चांदीचे रुपये पुरून ठेवत होते. राणीछाप रुपया आपल्यातल्या काही जणींच्या आजीच्या गाठल्यात अजून असेल. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि एक रुपयाची नोट काढली. मग तर जुना रुपया हातातून सुटेनाच. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं हा गुन्हा ठरवला, तरी साठवणं थांबलं नाही. बाजारात सुट्ट्या पैशांची टंचाई झाली. १९४३ मध्ये मधे भोक असलेला पैसा आला, तो धातू वाचवायला. रोजच्या मजुरीवर मीठ-तेल आणणाऱ्या बाईला सुट्टे नाहीत म्हटल्यावर काय त्रास होत असेल, ते आपल्याला सांगायला नको. ज्यांच्याजवळ होतं त्यांनी पुरलं, आणि ज्यांच्याजवळ नव्हतं त्यांची गैरसोय झाली.

एक गोष्ट आपल्या मुंबईची. १४ एप्रिल १९४४. गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज उभं होतं. त्यात दारूगोळा आणि कापूस एकत्र भरला होता. आग लागली आणि दुपारी चारच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन कर्मचारी होते. त्यांच्या आठवणीत आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या दिवशी मुंबईत कितीतरी लोकांना वाटलं की जपान्यांनी हल्ला केला. आणि सरकारने काय केलं? वर्तमानपत्रांना तपशील छापू दिला नाही. जपानच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओने मात्र लगेच सगळं सांगून टाकलं. आपल्या गावातली बातमी आपल्याला शत्रूच्या रेडिओवर कळावी! सांगणाऱ्याने झाकलं की ऐकणारा दुसरीकडे कान लावतो. त्याला नुसतं भित्रं म्हणून चालत नाही. खरी बातमी वेळेवर मिळणं हा आपला हक्क आहे, आणि तो आपण मागितला पाहिजे.

मैत्रिणींनो, हे वाचल्यावर आमच्या गटात बोलणं झालं. एक आजी म्हणाल्या, "अगं, आपण बैठकीत काय करतो? पैसे सगळ्यांसमोर मोजतो, मगच वहीत लिहितो. मग फोनवर आलेला आकडा न मोजता कसा काय लिहून घेतो?" आम्हाला हे पटलं. यामाशिताची फौज पर्सिव्हलने मोजली नव्हती. मद्रासची जहाजंही कुणी मोजली नव्हती. एटीएम बंद होणार म्हणणाऱ्याने तरी कुठे बँकेत जाऊन विचारलं होतं?

म्हणून आमच्या गटांनी चार ठराव केले. तुम्हालाही करता येतील.

पहिला, आकडा ऐकला की विचारायचं, हा कुणी मोजला? "सगळे म्हणतात" हे उत्तर धरायचं नाही. शत्रू फार मोठा असं सांगणाऱ्यालाही विचारायचं आणि शत्रू काहीच नाही असं सांगणाऱ्यालाही.

दुसरा, घाबरून बचत काढायला कुणी आली तर तिला हसायचं नाही. पैसा तिचाच आहे. पण दोघी-तिघींनी तिच्याबरोबर बँकेत जायचं, तिथे विचारायचं, आणि मग ठरवायचं. एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. शिवाय चार दिवसांचं रोख आणि धान्य घरात नेहमीच असावं, म्हणजे ऐनवेळी धावाधाव होत नाही.

तिसरा, अशा दिवसांत जनावर, दागिना, जमीन यातलं काहीही गटाला सांगितल्याशिवाय विकायचं नाही. घाईने विकणारी असते तिथे घाईचा फायदा घेणारा उभाच असतो.

चौथा, ज्या घरचा माणूस फौजेत आहे, त्या घरी ऐकीव गोष्ट न्यायची नाही. फौज कुठे निघाली, किती गेली, हेही फोनवर पुढे पाठवायचं नाही. न्यायचीच असेल तर भाजी-भाकरी न्यायची आणि जवळ बसायचं.

त्या मावशीच्या मुलाचा फोन शस्त्रसंधी झाल्यावर, बैठकीनंतर चौथ्या दिवशी आला. तो सुखरूप होता. तिने ऐकलेलं सगळं खोटं होतं. शेळ्या विकलेल्या बहिणीच्या शेळ्या मात्र परत आल्या नाहीत. गटाने तिला कमी व्याजाने कर्ज दिलं, तिने एक पाट घेतली आहे. दुसरी घ्यायला अजून वेळ लागेल.

तेव्हा पुढच्या वेळी फोन वाजला आणि मोठा आकडा आला, तर आधी चुलीवरचं दूध बघा, मग शेजारणीला हाक मारा आणि दोघी मिळून विचारा. नमस्कार.