मूकपटाची अखेर : कोल्हापूरचें एक दशक

१९३० सालीं चित्रपट पाहण्यास जाणें म्हणजे पाहणें, वाचणें आणि ऐकणें अशा तीन क्रिया एकाच वेळीं करणें होतें. पडद्यावरील पात्रें नुसते ओठ हालवीत; मध्येंच मजकुराची पाटी येई. ज्यांना वाचतां येई ते ती मोठ्यानें वाचीत आणि शेजारच्या निरक्षर प्रेक्षकांची सोय आपोआप होई. पडद्यापुढें बसलेले वादक प्रसंग पाहून सूर धरीत. लढाई आली कीं तबला धांवूं लागे, विरह आला कीं पेटी रडूं लागे. १९४० सालीं कोल्हापूरचा तोच प्रेक्षक पडद्यावर ऐकलेलें गाणें गुणगुणत घरीं परतत होता. या दहा वर्षांत काय मिळालें हें सर्वांस ठाऊक आहे. काय गेलें, ह्याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो; आणि त्या हिशेबास कोल्हापूरइतकें योग्य गांव दुसरें नाहीं.

कोल्हापूर हें आधीं कानाचें शहर. अल्लादियाखाँसाहेबांना शाहू छत्रपतींनीं दरबारीं आश्रय दिला आणि त्यांच्या दीर्घ वास्तव्यामुळें गाणें कशास म्हणावें ह्याची एक कडक कसोटीच शहराच्या अंगीं बाणली. १८८३ पासून चालत आलेला देवल क्लब होता. १९१५ सालीं छत्रपतींनीं उभारलेलें पॅलेस थिएटर होतें. संगीतसूर्य केशवराव भोसले ह्याच मातीतले. ते १९२१ सालीं अवघ्या एकतिसाव्या वर्षीं निवर्तले, आणि पुढें त्या थिएटरास त्यांचेंच नांव दिलें गेलें. त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, ८ ऑगस्ट २०२४ रोजीं, तें नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें तेव्हां ज्यांनीं केशवरावांना कधीं ऐकलेंही नव्हतें अशा पिढीच्या डोळ्यांत पाणी आलें. गाण्याशीं ह्या शहराचें नातें असें आहे.

परंतु ह्याच शहरांत डोळ्याचीही एक परंपरा वाढत होती. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविणारी आनंदराव व बाबूराव ही पेंटर जोडी चलच्चित्राच्या नादीं लागली. परदेशी यंत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनीं कॅमेरा स्वतःच तयार करण्याचा उद्योग आरंभिला. आनंदराव १९१६ सालीं वारले. काम बाबूरावांनीं पुरें केलें. महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली ती गायिका तानीबाई कागलकर ह्यांच्या आर्थिक साहाय्यानें. गाण्यावर मिळविलेला पैसा एका मुक्या कलेच्या पायांत घातला गेला, ही गोष्ट कोल्हापुरांतच घडूं शकली असती. १९२० सालीं 'सैरंध्री' पुण्यांत दाखविला गेला. त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या होत्या, आणि लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

बाबूरावांचें वैशिष्ट्य असें कीं, रंगविलेल्या सपाट पडद्यांचा आधार सोडून त्यांनीं खरेखुरे, चहूंबाजूंनीं भरीव देखावे उभे केले आणि प्रकाश कोठें पाडावा ह्यापेक्षां तो कोठें पाडूं नये ह्याचा अधिक विचार केला. ह्याचा कळस १९२५ च्या 'सावकारी पाश' ह्या चित्रपटांत झाला. कथा नारायण हरि आपटे ह्यांची. कर्जापायीं जमीन गमावून शहराच्या गिरणीकडे वळणाऱ्या शेतकऱ्याची. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका करणारा नट म्हणजे शांताराम वणकुद्रे. देवादिकांच्या व राजेरजवाड्यांच्या त्या काळांत धुळीनें माखलेला कर्जबाजारी मनुष्य पडद्यावर आणणें हें केवढें धाडस!        

ह्याच कंपनींत तयार झालेल्या शिष्यांनीं १ जून १९२९ रोजीं प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि भांडवल घालणारे सीतारामपंत कुलकर्णी असे पांच भागीदार. 'गोपालकृष्ण' ह्या पहिल्याच चित्रपटानें प्रभातचें नांव झालें. १९३० सालीं शिवाजी महाराजांच्या पहिल्या पराक्रमावरील चित्रपट आला. त्याचें ठरविलेलें 'स्वराज्याचें तोरण' हें नांव परीक्षण मंडळास सोसलें नाहीं, म्हणून तो 'उदयकाल' झाला. मुक्या चित्रपटाचें नुसतें नांवही सरकारास मोठ्यानें बोलल्यासारखें वाटलें, हेंही त्या कलेस मिळालेलें एक प्रशस्तिपत्रकच.

आणि मग १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत 'आलम आरा' बोलूं लागला. पुरें वर्षही उलटलें नाहीं तोंच, ६ फेब्रुवारी १९३२ रोजीं, त्याच चित्रपटगृहांत प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. हा पहिला मराठी बोलपट, आणि तो कोल्हापुरांत घडलेला. त्याची हिंदी आवृत्तिही बरोबरच तयार करण्यांत आली. म्हणजे एक प्रसंग मराठींत झाला कीं तोच पुनः हिंदींत करावयाचा. पार्श्वगायनाची युक्ति आपल्याकडे कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें १९३५ सालीं रूढ केली; तोंपर्यंत नट कॅमेऱ्यापुढें स्वतः गात असे आणि वादक दृश्याच्या कडेला, कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून साथ करीत. ध्वनिग्राहक एखाद्या झाडांत किंवा खांबामागें दडविलेला. नटानें त्यापासून दूर जावयाचें नाहीं. म्हणजे ज्या कॅमेऱ्याला बाबूरावांनीं चालावयास शिकविलें होतें, तो गाण्यापायीं पुनः एका जागीं खिळला. ध्वनीचें काम दामल्यांनीं आणि देखाव्यांचें फत्तेलालांनीं संभाळलें. दोघेही बाबूरावांच्याच हाताखालीं शिकलेले. दोघांपैकीं एकाचेंही शालेय शिक्षण फारसें झालेलें नव्हतें, ही गोष्ट परीक्षांच्या गुणांवरून मुलांचें भवितव्य ठरविणाऱ्या पालकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

'अयोध्येचा राजा' मधील हरिश्चंद्र म्हणजे गोविंदराव टेंबे. कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे, 'मानापमाना'च्या चालींनीं महाराष्ट्रास वेड लावलेले, पेटीवादनांत अग्रेसर, अल्लादियाखाँसाहेबांचे निस्सीम भक्त. वयाच्या पन्नाशींत ते बोलपटाचे संगीतकार व नायक असे दोन्ही झाले. त्यांच्याबरोबर तारामतीच्या भूमिकेंत दुर्गा खोटे. सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्री पडद्यावर आली ह्याची त्या वेळीं झालेली चर्चा आज वाचली म्हणजे गंमत वाटते, पण तेव्हां ती गंमत नव्हती. टेंब्यांचें काम पाहतांना एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांचें संगीत अजून नाटकाचेंच आहे. नट उभा राहतो, गातो, कथा तेवढा वेळ थांबते. पडद्यावर आलेली ती रंगभूमीच होती.

गाण्यास खरी मुरड पडली ती नंतर. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस सुमारें साडेतीन मिनिटें मावत. पॅलेस थिएटरांत एका पदास चार-चार वन्स मोअर घेणाऱ्या श्रोत्यांना ही मर्यादा प्रथम कृपणपणाची वाटली असल्यास नवल नाहीं. परंतु त्या साडेतीन मिनिटांनीं संगीतकारांना नेमकेपणा शिकविला. प्रभातमध्यें टेंब्यांनंतर आलेले केशवराव भोळे ह्यांनीं गाणें हें पात्राच्या तोंडचें वाक्य आहे असें मानून चाली बांधल्या. 'संत तुकाराम' मधील तुकाराम मैफल करीत नाहीं. तो आपल्या घरांत, आपल्या दुकानांत, आपल्याशींच बोलावें तसा गातो. तो चित्रपट १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत जगांतील तीन उत्कृष्ट चित्रपटांत गणला गेला. दिग्दर्शक होते दामले व फत्तेलाल. अर्थात् तेव्हां प्रभात कोल्हापुरांत नव्हती. १९३३ सालींच ती पुण्यास गेली होती.

ज्या रंगभूमीनें बोलपटास गाणें दिलें तिचें काय झालें? गंधर्व नाटक मंडळीचा व्याप ढासळला आणि स्वतः बालगंधर्व १९३५ सालीं प्रभातच्या 'धर्मात्मा' मध्यें एकनाथ होऊन आले. ज्यांच्या शालूच्या घड्या पाहून महाराष्ट्रांतील स्त्रिया नेसणें शिकल्या, त्यांना पडद्यानें पुरुषवेषांत उभें केलें. आणि प्रेक्षकांना हें पटलें नाहीं. सांगलीस मास्तर दीनानाथांच्या बळवंत मंडळीनें १९३४ सालीं 'कृष्णार्जुनयुद्ध' हा बोलपट काढला आणि ती मंडळी त्यांतून सांवरली नाहीं. नाटकमंडळी म्हणजे केवळ नट नव्हेत. पेटीवाले, तबलजी, पडदे ओढणारे, आचारी, अशा शेकडों कुटुंबांची ती अन्नपूर्णा होती. त्यांची नांवें कोणत्याही श्रेयनामावलींत नाहींत. चित्रपटगृहांत पडद्यापुढें बसणाऱ्या वादकांचेंही तेंच झालें. पडदा स्वतःच वाजूं लागल्यावर त्यांची खुर्ची उचलली गेली.

प्रभात गेल्यानें कोल्हापूर ओस पडेल असें वाटलें होतें, पण तसें झालें नाहीं. राजघराण्याच्या पाठिंब्यानें कोल्हापूर सिनेटोन व शालिनी सिनेटोन निघाल्या. १९३६ सालीं मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक ह्यांनीं हंस पिक्चर्स काढली. वि. स. खांडेकरांची 'छाया', अत्र्यांचा 'ब्रह्मचारी' हे त्यांचेच. देवलोक व मावळे सोडून मराठी मध्यमवर्ग प्रथमच स्वतःस पडद्यावर पाहूं लागला आणि स्वतःवर हंसूंही लागला. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'तील मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखावर जेवढी शाई खर्च झाली तेवढी दादा चांदेकरांच्या चालींवर झाली नाहीं. वास्तविक ती चालच लोकांनीं घरोघर नेली होती.

ह्या सर्व गजबजाटांत बाबूराव पेंटर कोठें होते? ते कोल्हापुरांतच होते. शिष्य पुण्यास गेले, गुरु राहिला. शालिनी सिनेटोनसाठीं त्यांनीं १९३६ सालीं 'सावकारी पाश' पुनः काढला, ह्या वेळीं बोलता. तोच लेखक, तीच कथा, तोच दिग्दर्शक. अकरा वर्षांत तंत्र पुढें गेलेलें. अंधुक प्रकाशांतील एक उदास झोंपडी आणि कुत्र्याचें रडणें, हें मुंबईचे चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया ह्यांच्या मनांत राहिलेलें दृश्य ह्याच बोलत्या आवृत्तींतलें. तरीही जाणत्यांचा कौल पहिल्याच्याच बाजूनें पडला. ह्याचें कारण बाबूरावांचें वय नव्हे. जो मनुष्य शांततेंतून आवाज काढीत होता, त्याला आयताच आवाज मिळाल्यावर त्याच्या हातीं करण्यासारखें कमी उरलें, एवढेंच.

दुःखाची गोष्ट अशी कीं, हा कौल आज तपासून पाहतां येत नाहीं. १९२५ चा 'सावकारी पाश' नाहींसा झाला आहे. १९२० चा 'सैरंध्री'ही नाहीं. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या साऱ्या कामगिरीपैकीं 'मुरलीवाला' व 'सती सावित्री' ह्यांसारख्या १९२७ च्या चित्रपटांचा थोडा अंश काय तो वांचला. त्या काळची फीत झटकन पेट घेणारी. आणि आग लागली नाहीं तर तिच्यांतील चांदीसाठीं ती विकली जाई. बोलपट आल्यावर मूकपट दाखवावयास कोण घेणार? ज्या मालास गिऱ्हाईक नाहीं तो माल वजनावर जातो. येथें कोणा एकाचा दोष काढतां येणार नाहीं. जुनें चित्र जपून ठेवावें असें वाटण्यासाठीं तें जुनें व्हावें लागतें, आणि ह्यास जुनें होण्याइतकी सवडच मिळाली नाहीं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास स्थापन झालें तें १९६४ सालीं.

बोलपटांसही ह्या संकटानें सोडलें नाहीं, हें न्यायाच्या दृष्टीनें सांगितलें पाहिजे. 'आलम आरा'ची एकही प्रत आज नाहीं. १९४८ च्या जाळपोळींत कोल्हापुरांतील भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात् झाला, 'मीठभाकर' हा चित्रपटही जळाला, आणि भालजींनीं तो पुनः उभा केला. पण 'अयोध्येचा राजा' शिल्लक आहे. गोविंदराव टेंब्यांचा आवाज, खरखरत कां होईना, आजही ऐकतां येतो; केशवराव भोसल्यांच्या गाण्याच्या तबकड्याही आहेत. म्हणजे कोल्हापूरच्या कानास बरेंच कांहीं उरलें, आणि डोळ्याचें बहुतेक सारें गेलें.

बाबूरावांच्या उतारवयांतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शांतारामांनीं मुंबईस राजकमल कलामंदिर स्थापिल्यावर 'लोकशाहीर रामजोशी' ह्या चित्रपटाच्या दिग्दर्शनासाठीं आपल्या ह्या जुन्या गुरूस बोलाविलें. तो चित्रपट १९४७ सालीं पडद्यावर आला. विषय शाहिराचा, लावणी, कवन, सवालजबाब ह्यांनीं कांठोकांठ भरलेला. मुक्या चित्राच्या ह्या कारागिरानें जयराम शिलेदार व हंसा वाडकर ह्यांना गातांना टिपलें. चाली बांधल्या होत्या वसंत देसाई ह्यांनीं. मूकपटांच्या शेवटच्या दिवसांत, कोल्हापूरच्या प्रभातमध्यें, पडेल तें काम करावयास एक पोरगा म्हणून शिरलेले ते हेच.