विश्रांतीनंतर परत मैदानावर



२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात फिरकी गोलंदाज दीप्ती शर्माने पाच बळी घेतले. आपण टाळ्या वाजवल्या. पण आपल्या वस्तीतली बारा वर्षांची फिरकी गोलंदाज मैदानावर टिकते का, हे कोण पाहतं?

या वयात मुलीची उंची भराभर वाढते. हातपाय लांबतात, टप्पा चुकतो. लगेच म्हटलं जातं, ‘हिची फिरकी गेली.’ गेलेली नसते. बदललेल्या शरीराची सवय व्हायला काही महिने लागतात. तेवढा काळ षटकं कमी करावीत. चेंडूही पाहावा. २०१७च्या नियमांत तेरा वर्षांखालच्यांचा चेंडू १३३ ते १४४ ग्रॅमचा आहे. मोठ्या मुलांबरोबर सराव करताना तिच्या हाती पुरुषांचा जड चेंडू येतो. मग खांदा दुखला, की ती ‘नाजूक’ ठरते!

खरी गोम पुढे आहे. डॉक्टरांनी मुलाला विश्रांती सांगितली, तर घरचे विचारतात, ‘परत कधी खेळेल?’ मुलीला सांगितली, की सुटकेचा निःश्वास टाकतात. त्याच सुमारास पाळी सुरू झालेली असते, धुणीभांडी वाट पाहत असतात. खेळ कायमचा सुटतो.

म्हणून विश्रांतीच्या पहिल्याच दिवशी डॉक्टर आणि प्रशिक्षकांकडून परतीचं वेळापत्रक लिहून घ्या. आधी जागेवरून थोडे चेंडू, मग छोटी धाव, मग पूर्ण षटकं. दुखलं तर एक पायरी मागे. तो कागद मुलीच्या आईच्या हाती द्या. आपल्या गटांनी एवढं काम अंगावर घ्यावं.